कोळी

खोरगडे मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
याला मराठीत कोळी म्हणतात, सत्यभामाबाई.
म्हटलं, आमी ढिवर, मॅडम. कोळी तिकडं, समुद्राकडं.
त्या हसल्या नाहीत. भिंग पुढं सरकवलं.

जलपर्णीचं पान, पानावर काळा ठिपका,
आणि ठिपक्याला पाय.
राजगिऱ्याचा दाणा त्याच्यापुढं बैल.

काटोल रोडच्या शेडमध्ये चाळीस टब,
चाळीसही टबांत तीच,
जिनं आमचा तलाव गिळला.
तिला मी इथं पाणी घालते.
पिवळी पडली तर चिमूटभर युरिया.
मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकला
की पत्र्यावर ओली पोती टाकते, खसच्या ताट्या भिजवते,
कूलरचं तोंड तिच्याकडं वळवते.
वैरिणीचं बाळंतपण.

संध्याकाळी मामाजी खाटेवरून विचारतात,
काय केलं व आज?
जलपर्णीला जेवू घातलं, म्हणते.
झिबल नान्हे भिंतीकडं कूस बदलतात.
ट्यूबवर बसून शिंगाडे तोडलेला माणूस.
शेवटचं जाळं ओढलं तेव्हा मासोळी नव्हती,
नुसत्या काळ्या मुळ्या, विंचरलेल्या केसांसारख्या.
ते जाळं आता अंगणात, तोंडलीच्या वेलाला.

मोजायचं काम माझं.
शून्य नंबरचा ब्रश, एका पानाला शंभर.
श्वास धरून, कारण फुंकरीनं वस्ती उठते.
एकदा शिंक आली आणि चाळीस गेले;
मी वहीत खरं लिहिलं, साठ.

अंडी पानाच्या पोटात.
पिल्लं आतूनच बोगदे खोदत निघतात,
सगळी एकाच दिशेला,
पानावर तपकिरी रेघा उमटतात,
पहिलीतल्या पोराची दुरेघी वही.
महिनाभरात रेघेच्या टोकाला भोक,
आणि भोकातून चकचकीत, काळा, नवा.

दुसरं काहीच खात नाहीत.
मॅडमनी धान देऊन पाहिलं, अळू, पालक,
शिंगाड्याचं पानसुद्धा.
उपाशी मेले, तोंड लावलं नाही.
ते शिंगाड्याचं पान मी घरी नेऊन मामाजींना दाखवलं.

मग ती संपली तर हे काय खातील?
संपत नाही पूर्ण, मॅडम म्हणाल्या,
थोडी ती राहते, थोडे हे राहतात.
मी काही बोलले नाही.
नवरा गेल्यापासून
मामाजी आणि मी असेच राहतो.

जूनमध्ये एका रात्री लाइन गेली,
टब नंबर सतरा सकाळपर्यंत शिजला.
मॅडम म्हणाल्या, होतं असं.
मी दुपारचा डबा उघडला नाही.

पोळ्यानंतर सोडायला निघालो.
टेंपोत क्रेट, क्रेटवर ओलं धोतर,
मामाजी पुढं ड्रायव्हरजवळ, लग्नाला निघाल्यासारखे.
मी मांडीभर पाण्यात शिरले,
रेघांची पानं हिरव्या पानांत खोचत गेले.
काठावरून मामाजी ओरडले,
एवढंच? मशीन कुठं हाय?
मशीन आली होती दोनदा.
ढीग काठावर पडला, फोटो निघाले,
दिवाळीपर्यंत पुन्हा हिरवंगार.

आता कार्तिक संपत आला.
तलाव आहे तसाच आहे, खोटं कशाला सांगू.
जांभळी फुलं, पाकळीवर मोराचा डोळा,
पोरीपोरी फोटो काढतात.
फक्त पायऱ्यांजवळ, हातभर जागेत,
पानं वाळून राहिली.

मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
मी एक पान त्यांच्या हातात दिलं.
अंगठा फिरवला, उन्हाकडं धरलं,
बराच वेळ काही नाही.
मंग म्हणाले, बारीक गाळ्याचं हाय.
कोन विनलं?

आणि पान घडी करून खिशात टाकायला लागले.
ठेवा, म्हटलं, घरं हायेत त्याच्यात.
गुडघा वाजला, तरी ते वाकले.

उद्या टब नंबर सतरा घासून
पुन्हा लावायचा आहे.